ऑप्टिकल नेटवर्कमध्ये सर्वांत कमी अंतराचा मार्ग निवडूनही जोडणी का टिकत नाही?

दोन केंद्रांमधील सर्वांत कमी किलोमीटरचा मार्ग निवडून त्यावर मोकळी तरंगलांबी (म्हणजे चॅनल) दिली, तरी जोडणी कधी कधी चालत नाही. मग मार्ग शोधतानाच सिग्नलचा दर्जा कसा धरावा, असे आपण विचारले आहे. मुंबईत फायबर नेटवर्कच्या नियोजनाचे काम करताना माझे मत ठाम झाले आहे की, मार्गाचे माप किलोमीटरमध्ये नव्हे, तर वाटेत साचणाऱ्या नॉइजमध्ये घ्यायला हवे.

१५५० नॅनोमीटरजवळ फायबरमध्ये प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल क्षीण होतो. दोन ॲम्प्लिफायरमधील ८० किलोमीटरच्या टप्प्यात ही घट १६ डेसिबल होते. स्प्लाइस (फायबरचे सांधे), कनेक्टर आणि थोडी राखीव तूट धरून ती २० मानावी. ॲम्प्लिफायर ही घट भरून काढतो, पण प्रत्येक वेळी स्वतःचा नॉइज मिसळतो. प्रत्येक चॅनलची पॉवर ० डीबीएम (१ मिलिवॅट) आणि ॲम्प्लिफायरचा नॉइज फिगर, म्हणजे तो किती नॉइज मिसळतो याचे माप, ५ डेसिबल असेल, तर अशा एका टप्प्याचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे ओएसएनआर, ५८ − २० − ५ = ३३ डेसिबल येते; यातील ५८ हा ०.१ नॅनोमीटरच्या पट्ट्यात नॉइज मोजताना येणारा स्थिरांक आहे.

आता एखाद्या टप्प्याची घट २८ डेसिबल असेल, तर तो एकटाच २० डेसिबलच्या सहाहून जास्त चांगल्या टप्प्यांइतका नॉइज घालतो. त्यामुळे असा एक खराब टप्पा असलेल्या सहा टप्प्यांच्या मार्गाचे गुणोत्तर सुमारे २२.५ डेसिबल भरते, तर नऊ चांगल्या टप्प्यांच्या लांब मार्गाचे २३.५. मुंबईहून पुण्याकडे किंवा नाशिककडे जाताना घाट ओलांडावा लागतो आणि तेथे ॲम्प्लिफायरसाठी हवी त्या ठिकाणी जागा व वीज मिळतेच असे नाही. शहरात रस्ते वारंवार खोदले जातात आणि प्रत्येक तुटीनंतर स्प्लाइस वाढतात. नकाशावरील अंतरात यातले काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याची घट ओटीडीआरने (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून घट मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्यक्ष मोजून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

सोयीची गोष्ट अशी की, डेसिबलमधून साध्या संख्येत आणलेल्या गुणोत्तरांचे व्यस्त बेरजेने वाढतात. त्यामुळे प्रत्येक दुव्याचे वजन म्हणून हा व्यस्त घेतला, तर सर्वांत कमी वजनाचा मार्ग शोधणारी डायक्स्ट्राची नेहमीची पद्धत जशीच्या तशी वापरता येते.

अडचण येते ती नॉनलिनिअर परिणामांची. पॉवर वाढवली की ॲम्प्लिफायरचा नॉइज तुलनेने कमी होतो, पण फायबरमध्ये उद्भवणारा व्यत्यय पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सर्वोत्तम पॉवरवर तो ॲम्प्लिफायरच्या नॉइजच्या निम्मा असतो. शिवाय तो शेजारच्या चॅनलवरही अवलंबून असल्याने नवी जोडणी जुन्या जोडण्यांचा दर्जा घटवू शकते. यासाठी सर्व चॅनल भरलेले आहेत असे गृहीत धरूनच वजने काढावीत. यात थोडी क्षमता वाया जाते हे खरे, पण चालू ग्राहकाची सेवा बिघडण्यापेक्षा ते मला केव्हाही मान्य आहे.

मग येनच्या पद्धतीने, म्हणजे कमी वजनाचे मार्ग क्रमाने शोधून, काही पर्यायी मार्ग काढून, ज्यावर एकच तरंगलांबी शेवटपर्यंत मोकळी आहे तो घ्यावा. समान सिम्बॉल रेटला (दर सेकंदाला तितकेच सिम्बॉल पाठवताना) १६-क्वॅम या प्रत्येक सिम्बॉलमध्ये चार बिट नेणाऱ्या मॉड्युलेशनला, दोन बिट नेणाऱ्या क्यूपीएसकेपेक्षा सुमारे ७ डेसिबल अधिक गुणोत्तर लागते. तेवढे मिळत नसेल तर क्यूपीएसकेवर उतरावे, आणि तेही पुरत नसेल तरच मध्ये रिजनरेटर (सिग्नल वाचून नव्याने पाठवणारे उपकरण) बसवावा.