एका वाक्यावर आख्खी कारकीर्द?

तुमच्या भाचीला अमेरिकेत एलएलएमला बंदूक-नियमन हा विषय घ्यायचाय आणि तुम्हाला धास्ती आहे की एका वाक्यावर कुणाचं पोट भरतं का. भरतं. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक ॲडम विंकलर यांचंच घ्या.

ते वाक्य म्हणजे अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती, १७९१ ची, मुळात २७ शब्दांची. अर्धं वाक्य मिलिशियाबद्दल, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाबद्दल, अर्धं लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल. १९३९ च्या मिलर खटल्यानंतर सुप्रीम कोर्टाने सत्तरेक वर्षं तिच्याकडे फारसं पाहिलंच नाही, त्यामुळे लॉ स्कूलांतही विषय अडगळीत. विंकलर यांनी त्या अडगळीत हात घातला. २००७ च्या लेखात त्यांनी दाखवलं की बहुतेक राज्यांच्या घटनांत हा हक्क आधीपासूनच आहे, तिथली कोर्टं नियम वाजवी आहे का एवढंच बघतात आणि बहुतेक नियम टिकतात. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टात हेलर खटल्यात ५-४ ने हा हक्क मिलिशियाचा नव्हे, व्यक्तीचा ठरला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विरोधी निकालपत्रात या लेखाचा आधार घेतला. वेळ साधली म्हणायची!

२०११ च्या 'गनफाइट' या पुस्तकात तर विंकलर यांनी बंदूकवाले आणि बंदूकविरोधी अशा दोन्ही बाजूंना चिमटे काढलेत. वेस्टर्न सिनेमांतलं टूम्बस्टोन गाव आठवा. १८८१ ची ती ओके कोरलची चकमक उडाली, तेव्हा त्या गावात बंदूक घेऊन फिरायलाच बंदी होती. आणि १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटोतल्या विधानभवनात शिरले, त्यानंतर भरलेली बंदूक उघड मिरवण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रेगन यांनी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रिपब्लिकन नेत्याने.

सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने मात्र डाव पालटला. आता नियम जुन्या परंपरेत बसतो का, ते सरकारने दाखवायचं. म्हणजे वकिलांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे कायदे उकरत बसायचं. घरगुती हिंसाचाराबद्दल कोर्टाचा मनाई आदेश असलेल्या माणसाला बंदूक देऊ नये, हा नियमही अपील कोर्टाने याच कसोटीवर उडवला होता. २०२४ मध्ये रहिमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो ८-१ ने वाचवला.

तेव्हा भाचीला इतिहास वाचायचा कंटाळा असेल तर आत्ताच सांगा. आवड असेल तर ड्यूक विद्यापीठाचं फायरआर्म्स लॉ सेंटर बघायला सांगा, जुन्या शस्त्रकायद्यांचा मोठा साठा तिथे ऑनलाइन आहे.

परत येऊन इथे हाच विषय शिकवीन म्हणत असेल, तर जरा अवघड आहे. आपल्या कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्कसुद्धा 'शांततेने व विनाशस्त्र' आहे, आणि बंदूक म्हणजे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचा परवाना. हक्कावरचं बंधन कोर्ट कसं तोलतं, हे मात्र ती तिथे शिकली तर इथे कुठल्याही रिट याचिकेत उपयोगी पडेल.