उघडलेली सिलिकॉनची ट्यूब: कोरडी ठेवा, पण त्याआधी तारीख बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातला जुना ताप आठवला. तुम्ही लिहिलंय, एप्रिलमध्ये सिंकच्या कडेला फटी बुजवायचं सिलिकॉन लावलं, अर्धी ट्यूब उरली, नोझलमध्ये, म्हणजे ट्यूबच्या निमुळत्या तोंडात, खिळा खोचला, वरून ओलं फडकं गुंडाळून पिशवीत बांधून माळ्यावर टाकली आणि जुलैत काढली तर दगड. अशी ही तिसरी ट्यूब गेली, आता दर वेळी नवीनच आणायची का, असं तुम्ही विचारलंय.

दर वेळी नवीन आणायची गरज नाही. ट्यूब दाबायची गन कशी धरायची, नोझल तिरकं कसं कापायचं हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. आधीच सांगते, मी केमिकलच्या धंद्यातली नाही. रत्नागिरीत खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर घर आहे, दर उन्हाळ्यात खिडक्यांचे सांधे बघावे लागतात, आणि आता शेजारपाजारचेही मलाच हाक मारतात. त्यातून जे कळलं तेवढंच लिहिते. तुमच्या ट्यूबवर छापलेली सूचना माझ्या सांगण्यापेक्षा वेगळी असेल तर छापलेली माना.

ते ओलं फडकं तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही, पण सांगणाऱ्याच्या डोक्यात अ‍ॅक्रेलिक असणार. भिंतीच्या भेगा भरून वरून रंग मारतो ते पांढरं अ‍ॅक्रेलिक सीलंट पाण्यात कालवलेलं असतं. त्यातलं पाणी उडालं की ते सुकतं, म्हणून त्याच्या तोंडाशी ओल ठेवली तर फायदाच होतो. सिलिकॉनचं बरोबर उलटं आहे. ते सुकत नाही, हवेतली वाफ ओढून घेऊन घट्ट होतं. लावताना व्हिनेगरचा आंबूस वास येतो ना, तो त्याच क्रियेत सुटणाऱ्या अ‍ॅसेटिक आम्लाचा. म्हणजे तुम्ही फडकं गुंडाळून त्या ट्यूबला घट्ट व्हायला लागतं तेच पुरवलंत. शिवाय जून-जुलैत आपल्याकडच्या हवेत पाणी किती असतं ते कपाटातल्या चपलांना विचारा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात जी ट्यूब कोरड्या हवेत निभावून नेईल ती डोंबिवलीच्या पावसात निभावेलच असं नाही.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे ट्यूबवर नाव वाचा. सिलिकॉन असेल तर कोरडं, अ‍ॅक्रेलिक असेल तर ओल टिकवून. दोन्हींना एकच उपाय सांगणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नका. आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट असेल तर उरलेलं ठेवायच्या फंदात पडूच नका. तेही वाफेवरच घट्ट होतं, एकदा फोडलं की फार थांबत नाही, आणि कडक झालं की नोझलमधून निघतही नाही. ते काम असेल त्या दिवशीच आणावं आणि त्याच दिवशी संपवावं.

आता सिलिकॉन कसं ठेवायचं. काम झालं की आधी गनच्या मागची पट्टी दाबून दांडा मागे ओढा. नाहीतर दाब तसाच राहतो, माल आपोआप बाहेर येत राहतो. मग नोझल पूर्ण भरलेलं आहे ना बघा, टोकाला बोटाच्या पेराएवढा माल बाहेर येऊ द्या आणि तो तसाच घट्ट होऊ द्या. पुसू नका. हेच तुमचं बूच. सिलिकॉन पॉलिथिनला चिकटत नाही आणि ही नोझलं बहुधा पॉलिथिनची असतात, म्हणून पुढच्या वेळी ते बूच पकडून ओढलं की आतली घट्ट झालेली वात सबंध बाहेर येते. पकडीत आली नाही तर मोठ्या आट्यांचा लांब स्क्रू आत फिरवा आणि पक्कडीने ओढा. खिळ्याचा इथे उपयोग नाही. गुळगुळीत असतो, वात धरत नाही, आणि आपल्याकडे गंजून बसतो तो वेगळाच.

पण हे बूच म्हणजे कुलूप नव्हे. ताजं सिलिकॉन साधारण दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोल घट्ट होत जातं, पुढे वेग मंदावतो, पण थांबत नाही, कारण घट्ट झालेल्या थरातूनही वाफ आत झिरपते. नोझलची सगळी लांबी त्यात खर्ची पडते. म्हणून महिन्याभरात परत लागणार असेल तर बूच पुरे. त्याहून जास्त ठेवायची असेल तर नोझल फिरवून काढा, ट्यूबच्या मानेवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा, त्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी घट्ट फिरवा, आणि सगळी ट्यूब झिपच्या पिशवीत औषधांच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. संपलेल्या ट्यूबची नोझलं फेकू नका. आतलं सिलिकॉन घट्ट झालं की काडीने ढकलून निघतं आणि नोझल नव्यासारखं होतं. कधी मानेतच गोळा झाला तर तो स्क्रूने उपटून काढायचा, मागचा माल बरेचदा चांगला निघतो. तुमची दगड झालेली ट्यूब फेकली नसेल तर एकदा मान खरवडून बघा.

मागची बाजू मात्र सगळे विसरतात. ट्यूबच्या बुडाशी जी प्लॅस्टिकची चकती सरकते ती गनमध्ये तिरकी बसली तर एका कडेने हवा आत जाते आणि भिंतीला लागून घट्ट झालेली कडी तयार होते. म्हणून ठेवताना ट्यूब गनमधून काढूनच ठेवा आणि बुडालाही पिशवी लागू द्या.

जागा म्हणाल तर माळा नको. स्लॅबखालचा माळा मे महिन्यात तापतो, पत्र्याखालचा तर भाजतो. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, भिंतीपासून थोडं लांब. फ्रिजमध्ये ठेवा असंही सांगणारे आहेत. थंडीत क्रिया मंदावते हे खरं, पण पावसाळ्यात गार ट्यूब बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं, आणि ते दव आपल्याला तोंडाशी नकोय. शिवाय खाण्याच्या वस्तूंशेजारी ही गोष्ट मला पटत नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. अ‍ॅक्रेलिक मात्र कोणत्याही परिस्थितीत फ्रीझरमध्ये नको. गोठून वितळलं की ते फाटतं.

एवढं सगळं सांगूनही मुख्य गोष्ट राहिलीच आहे. तुमच्या तिन्ही ट्यूब तुमच्याच घरात खराब झाल्या असं मी धरून चालत नाही.

मागे एका मे महिन्यात आम्ही मागच्या खोलीच्या स्लायडिंग खिडकीला सिलिकॉन लावलं. सीलबंद ट्यूब, दुकानातून आणली त्याच दिवशी फोडली. सिलिकॉनवर अर्ध्या तासाच्या आत पापुद्रा धरायला हवा. संध्याकाळपर्यंत धरला नाही. दुसऱ्या दिवशी बोटाला चिकटत होतं, आठवड्याने तसंच. जुनं सिलिकॉन दोन तऱ्हांनी दगा देतं. एक तर ट्यूबमध्येच घट्ट होतं, ते निदान दिसतं. नाहीतर त्याची घट्ट व्हायची ताकदच जाते, आणि ते भिंतीवर लागेपर्यंत कळत नाही. हे दुसरं जास्त वाईट. पाऊस सुरू झाला, फ्रेमखालून पाणी आत आलं, भिंतीचं प्लास्टर फुगून सुटलं आणि त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाची प्लायची पाठ कामातून गेली. मग ट्यूब पुसून नीट बघितली. दुकानाचं किमतीचं लेबल सोलल्यावर खाली तारीख निघाली, मुदत कधीच उलटून गेलेली.

दुकानदार म्हणाला, माल आम्ही बनवत नाही, कंपनीला फोन करा. ट्यूबवर छापलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरावर फोन केला. पहिला प्रश्न, उघडलेली ट्यूब कशी ठेवली होती? मी म्हटलं, ठेवलीच नव्हती, आणली त्याच दिवशी लावली. मग, बिलावर बॅच नंबर आहे का? हार्डवेअरच्या दुकानात दोन-अडीचशे रुपयांच्या ट्यूबचं बिल करताना बॅच नंबर कोण लिहितं? ट्यूबवरचा नंबर वाचून दाखवला, तो चालेना. मग म्हणाले, न फोडलेली ट्यूब पाठवा, तपासून घेऊ. फोडल्याशिवाय ती घट्ट होत नाही हे कळणार कसं, याचं उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हतं. दर फोनला नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. फोटो मेल केले, तर उत्तरात ‘थंड व कोरड्या जागी साठवावे’ अशी छापील सूचना आली आणि पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा मेसेज. माझ्या घरातलं प्लास्टर पडत होतं आणि ही माणसं मला साठवणूक शिकवत होती. आजही लिहिताना राग येतो. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदवली, तेव्हा ट्यूबचे पैसे परत मिळाले. प्लास्टरचा आणि कपाटाचा खर्च आम्हीच सोसला.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय की साठवणूक दुकानातच सुरू होते. बंद वेष्टनातल्या मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने सक्तीचं आहे. ते दिसत नसेल, त्यावर लेबल चिकटवलं असेल, तर तिथल्या तिथे सोलून बघा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. बऱ्याच सिलिकॉनची न उघडलेली मुदत १२ महिने असते, आणि तीही साधारण २५-२७ अंशांच्या आत ठेवलं तर. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये रचलेल्या खोक्यांना ते तापमान कुठून मिळणार? मी निम्म्याहून जास्त मुदत शिल्लक असलेलीच ट्यूब घेते. उघडलेली ट्यूब जे दिवस काढते ते त्या उरलेल्या मुदतीतूनच काढते. अकरा महिन्यांची ट्यूब आणून तिला कितीही चिकटपट्ट्या गुंडाळल्या तरी त्यात अर्थ नाही. स्लायडिंगच्या खिडक्या बसवणारे कारागीर जिथून माल उचलतात ते दुकान गाठा. तिथे खोकी फार दिवस पडून राहत नाहीत. आणि तोंड कापण्याआधी तारखेचा, बॅच नंबरचा आणि बिलाचा एक फोटो काढून ठेवा.

ठेवलेली ट्यूब परत वापरताना आधी पुठ्ठ्यावर किंवा फुटक्या टाइलवर एक वात काढून बघा. पापुद्रा धरला, दुसऱ्या दिवशी रबरासारखी झाली, तरच भिंतीला लावा. हा एक दिवस वाचवायच्या नादात पुढचे आठ दिवस खरवडण्यात जातात. घट्ट न झालेलं सिलिकॉन काढणं हे महाकंटाळवाणं काम आहे. आधी कोरड्या कागदाने जितकं निघेल तितकं पुसायचं, पाणी लावायचं नाही, मग टर्पेंटाइनचं फडकं, मग कटर. थोडं जरी राहिलं तरी नवीन सिलिकॉन त्यावर धरत नाही. त्यावर रंगही बसत नाही, म्हणून रंगवायच्या भिंतीला सिलिकॉन लावूच नये, तिथे अ‍ॅक्रेलिक.

अजून एक, थोडं विषयाबाहेरचं. २८० मिलिलिटरची ट्यूब एका सिंकसाठी आणायची गरज नसते. टूथपेस्टसारख्या पिळायच्या छोट्या ट्यूब मिळतात, त्या मिलिलिटरमागे महाग पडतात पण अर्धी मोठी ट्यूब फेकण्यापेक्षा स्वस्तच. मोठीच आणली तर तोंड कापायच्या आधी घरभर फिरून यादी करा: बेसिनची कड, कमोडचा बुंधा, बाथरूमची खिडकी, गॅलरीतली पाइपाभोवतीची फट. सगळं एका दिवसात उरकलं तर ठेवायला उरतंच किती? फक्त आंबूस वासाचं सिलिकॉन आरशाच्या मागे आणि संगमरवराला लावू नका. ते आम्ल आरशाचा मुलामा खातं, दगडावर डाग पाडतं. तिथे न्यूट्रल (ते आम्ल न सोडणारं) लिहिलेलंच घ्या.

तुमच्या सिंकचं म्हणाल तर ग्रॅनाइटचा ओटा असेल तर तिथेही न्यूट्रलच आणा. जुनं सगळं खरवडा, पाण्याचा अंश राहू देऊ नका, या दिवसांत नुसतं पुसून भागत नाही, हेअर ड्रायर फिरवा. रात्री भांडी आटोपल्यावर लावा आणि पुढचे २४ तास सिंकच्या नळाला हात लावू नका. भांडी तेवढा वेळ बाथरूममध्ये घासावी लागतील. कामवाल्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.