पाय तेच, मग जागा का नाकारली?

प्रश्न : जॅक-अप रिगचे (समुद्रतळावर पाय टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलणाऱ्या मंचाचे) पोलादी पाय तेच, पाण्याची खोलीही तेवढीच. तरी एका जागेला मंजुरी मिळते आणि दुसरी नाकारली जाते. तळाच्या मातीने पोलाद कमजोर कसं होईल?
– मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : पोलाद तेच राहतं, त्याच्या वाट्याला येणारं वाकणं बदलतं. रिग हलवण्याच्या कामात माझी उमर गेली. नुसत्या वजनाने पाय मोडण्यापेक्षा वाकून मोडण्याची भीतीच आम्हाला जास्त असते.

पायाच्या तळाशी स्पडकॅन, म्हणजे जमिनीत रुतणारं रुंद पाऊल, असतो. घट्ट वाळूत तो जेमतेम एक-दोन मीटर रुततो, मऊ चिकणमातीत ३० मीटरही जातो. मातीने त्याला वळू दिलं नाही, तर लाटांमुळे येणारं वाकणं वर हलपाशी, म्हणजे रिगच्या मुख्य धडापाशी, कमी होतं. माती सैल असेल तर तळ बिजागरीसारखा फिरतो आणि सगळा भार हलजवळच्या पायावर येतो.

खरा घात होतो तो वर वाळूचा थर आणि खाली मऊ चिकणमाती असते तिथे. प्रीलोडसाठी, म्हणजे कामाआधी पायांवर मुद्दाम जास्त वजन देऊन तळ पारखण्यासाठी, टाक्यांत समुद्राचं पाणी भरत असताना वाळू वजन पेलत राहते, आणि अचानक स्पडकॅन तिला फोडून खाली जातो. बाकीचे पाय जागच्या जागी, हल कलंडलेला, म्हणजे सगळेच पाय गाइडमध्ये (हलमधल्या, पाय सरळ धरणाऱ्या आधारांत) तिरके दाबले जातात. म्हणून प्रीलोडच्या वेळी हल पाण्यापासून फार उंच ठेवायचा नाही. पाय सुटलाच तर पाणी हलला सावरतं.

जुन्या रिगने सोडलेला खड्डाही तितकाच वाईट. स्पडकॅन त्याच्या उतारावरून घसरतो आणि पाय आडवा ढकलला जातो. अशा वेळी आम्ही एकाच पायाच्या कॉर्डवरचे (पायाच्या उभ्या खांबांवरचे) रॅकचे, म्हणजे जॅकिंगच्या दातेरी पट्टीचे, दात टेपने मोजतो. एक कॉर्ड दुसरीपेक्षा मर्यादेबाहेर वर-खाली दिसली की जॅकिंग तिथेच थांबवायचं, नाहीतर कॉर्डना जोडणारे मधले ब्रेस बाक धरतात. घाई करणाऱ्याचं इथे मी कधीच ऐकलं नाही.

जॅक-अप रिगसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९९०५-१ प्रत्येक जागेची वेगळी तपासणी मागतं, ते याचसाठी. शेजारच्या जागेचा बोअरहोल (मातीचे थर तपासायला घेतलेलं छिद्र) आहे, तोच चालवून घ्या, असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्यावा. थोड्या अंतरावर थर बदलतात. नाकारलेल्या जागेचा बोअरहोल लॉग मिळाला, तर आधी वाळूची जाडी आणि तिच्याखालच्या मातीची शिअर स्ट्रेंग्थ (थर सरकू न देण्याची ताकद) पाहा. पायाचं ड्रॉइंग नंतर.