खुनी आधीच कळला, तरी रडू का आलं?

प्रश्न : ताई, परवा एक रहस्य कादंबरी वाचली, बहीण आपल्या गेलेल्या भावाचं गूढ शोधत बसते अशी. कुणी काय केलंय ते मला अर्ध्यातच कळलं, तरी शेवटची पानं वाचताना हमसून हमसून रडले. नवरा म्हणतो, रहस्य आधीच फुटलं म्हणजे कादंबरी फसली. मी स्वतःच जुळ्या भावांवर अशी एक लिहायला घेतलीये, चाळीस पानं झालीत, म्हणून विचारते, शेवटी धक्का बसलाच पाहिजे का?

उत्तर : नाही हो. नवऱ्याचं म्हणणं कोड्यासाठी बरोबर आहे, पण भावाबहिणीच्या गोष्टीत 'कुणी केलं' हा प्रश्न बऱ्याचदा नुसता वाचकाला आत ओढण्यापुरता असतो, खरा प्रश्न असतो 'त्यानं हे माझ्यापासून का लपवलं?' आणि तो तुम्हाला शेवटपर्यंत सुटला नव्हता, म्हणून रडलात.

भावंडं एकाच घरात वाढतात पण घर दोघांचं वेगळं असतं. सात वर्षांच्या धाकटीला जे खेळ वाटत होतं ते बारा वर्षांच्या थोरल्याला पुरतं कळत असतं, त्या पाच वर्षांच्या फटीत रहस्य आयतंच बसलेलं असतं, बाहेरून आणावं लागत नाही. आता समजा दहाव्या पानावर बहीण सांगते की दादा रोज रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायचा, त्याचा मला जन्मभर राग होता. शेवटाकडे कळतं की तो कडी लावून रात्रभर दाराबाहेर बसायचा, कारण घरातल्याच एका माणसाची त्याला भीती होती. ती खोटं काही बोलली नाही, लेखकानंही काही लपवलं नाही, कडी तर आपल्या डोळ्यासमोर होती! पुरावा तोच आणि रडू आणणारी गोष्टही तीच. मला विचाराल तर हे जमलं की निम्मी कादंबरी झाली, खुनी कधी का कळेना.

तुमच्या जुळ्यांची मात्र मला थोडी काळजी वाटते. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्रज पाद्री होते, स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचे, त्यांनी 1929 मध्ये अशा कथांसाठी दहा नियम काढले आणि त्यातला दहावा हाच, की वाचकाची आधी तयारी करून घेतल्याशिवाय जुळे भाऊ किंवा तोतये आणायचे नाहीत. (गंमत म्हणजे नॉक्स स्वतः चार भावांपैकी धाकटे, आणि त्यांचा एक भाऊ, डिली, दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायचं काम करायचा. कोडी घरातच होती म्हणायची!)

तेव्हा दुसरा भाऊ शेवटच्या प्रकरणात ट्विस्ट म्हणून उगवणार असेल तर प्लीज नको. त्याला आत्ताच आणा, या चाळीस पानांतच, उघडपणे. चेहरा सारखा आहे हे सगळ्या गावाला दिसतंच, दोघांना वेगळं ओळखणारी एक खूण फक्त भावालाच माहीत असू दे, चालताना पाय ओढणं म्हणा, घाबरला की शीळ घालणं म्हणा, आणि ती सुरुवातीला एखाद्या भांडणात सहज येऊन जाऊ दे. आणि हस्तलिखित पहिल्यांदा नवऱ्यालाच द्या वाचायला, शीळ त्याच्या लक्षात राहते का बघा.