शेजारणीला एका इंजेक्शनने आराम, मग मला का नाही?

प्रश्न : मी ठाण्यात कोपरीला राहते, वय ५६. मुलगी बाळंतपणाला आल्यापासून नातू बहुतेक माझ्याच हातावर असतो. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला सारखा ठणका लागतो. पोळ्या लाटणं, कुकरचं झाकण काढणं नकोसं होतं. डॉक्टरांनी ‘डी क्वेर्वां’ सांगून इंजेक्शन दिलं, तरी महिन्यानंतरही निम्मं दुखणं आहेच. शेजारणीला मात्र त्याच दुखण्यावर एका इंजेक्शनने पूर्ण आराम पडला. ती म्हणते, तूच हाताला विश्रांती देत नाहीस. खरंच माझं चुकतंय का?

उत्तर : ताई, हा दोष स्वतःकडे घेऊ नका. विश्रांती हवीच, पण तेवढ्यावरून असा फरक पडतोच असं नाही. तुमचं मनगट आतून शेजारणीच्या मनगटासारखं नसण्याची दाट शक्यता आहे.

अंगठा बाहेर ताणून धरा. मनगटाच्या कडेला कातडीखाली ताठ दोरीसारखं काही उठतं. हाताला एकच लागलं तरी तिथे सहसा दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, असतात. जाड असते ती अंगठ्याच्या बुडाशी संपते, बारीक असते ती पुढे पहिल्या पेरापर्यंत जाते. हाडालगतच्या एका अरुंद बोगद्यातून दोन्ही सरकतात. तो बोगदा आवळला की हे दुखणं सुरू होतं. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्वां यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं.

पुस्तकातलं चित्र इथे संपतं, माणसांचे हात मात्र तसे नसतात. जाड कंडरेचे दोन-तीन किंवा त्याहून जास्त पदर असणं अगदी नेहमीचं. बारीक कंडरा काहींना नसतेच. आणि कित्येकांच्या बोगद्यात मधोमध पडदा असतो, म्हणजे दोन वेगळे कप्पे. एकाच माणसाचे दोन हातसुद्धा यात वेगळे असू शकतात. मी शस्त्रक्रियेत बोगदा उघडते तेव्हा आधी हा पडदाच शोधते.

पडदा असला की औषध एका कप्प्यात उतरतं, दुसरा कोरडाच राहतो. बहुतेकदा वगळली जाते ती बारीक कंडरा. म्हणून दुसरं इंजेक्शन घेण्याआधी मनगटाची सोनोग्राफी करा आणि ते सोनोग्राफीत सुई बघत दोन्ही कप्प्यांत देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर आधीच सांगा. या इंजेक्शनातल्या स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढते.

तोवर मनगट आणि अंगठा दोन्ही धरून ठेवणारा पट्टा लावा. नातवाला काखेत अंगठे फाकवून उचलू नका. एक तळवा त्याच्या कुल्ल्यांखाली, दुसरा हात पाठीमागे, असं छातीशी घ्या. दुखऱ्या जागी जोराने चोळणं बंद.

इतकं करूनही दुखणं थांबलंच नाही, तर शस्त्रक्रिया छोटी असते, जागा बधिर करून होते. पण दुसरा कप्पा उघडायचा राहिला तर दुखणं मागे उरतं, आणि वरून जाणारी चेतातंतूची नाजूक फांदीही सांभाळावी लागते. त्यामुळे हाताच्या शस्त्रक्रियांची सवय असलेल्या सर्जनकडेच जा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या. त्यात पडद्याचा उल्लेख नसेल, तर तपासणाऱ्यांकडून तेवढं मुद्दाम लिहून घ्या.