घरात ख्रिस्ती, बाहेर गप्प?

प्रश्न: लग्नानंतर आम्ही परदेशी आलो. रोज रात्री घरात कुटुंबीय प्रार्थना होते, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. पण ऑफिसात मी ख्रिस्ती आहे हे फारसं कुणाला ठाऊक नाही. आमचे पाळकसाहेब सध्या ‘धैर्याने साक्ष द्या’ या विषयावर उपदेश करताहेत आणि तेव्हापासून मन खातंय. मिस्टर म्हणतात, आपण नोकरीच्या व्हिसावर आलोय, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळेत जेवणाआधी प्रार्थना करायला तो लाजतो. विश्वास धैर्याने जगायचा म्हणजे रोजच्या दिवसात नेमकं करायचं तरी काय?

उत्तर: ताई, तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं दिसण्याची आहेत. ऑफिसात लोकांना कळणं, शाळेत डोळे मिटणं, चारचौघांच्या नजरेत येणं. या गोष्टींना महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही, त्यांच्याकडे येतेच. पण विश्वासाचा खरा कस लागतो तो बहुतेक वेळा कुणी बघत नसताना, आणि तोही खिशाला किंवा नोकरीला झळ पोचणार असते तेव्हा. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगी मी आधी एकच विचारते: याची किंमत कोण मोजणार? मी मोजणार असेन तर पुढे जायला हरकत नाही. ती दुसऱ्याच कुणाला मोजावी लागणार असेल तर थांबून विचार करायला हवा, मग ते काम वरून कितीही धाडसाचं दिसो.

आता आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात हे कुठे कुठे येतं ते बघा. एजन्सी म्हणते, बायोडेटात दोन वर्षांचा जास्तीचा अनुभव घाला, सगळेच घालतात. मॅनेजर सुचवतो की काम एकतीस तासांचं झालं असलं तरी क्लायंटच्या टाइमशीटवर चाळीस लिहा. चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून नातेवाइकाचा पत्ता आपला म्हणून द्यायचा. वरकमाई रोखीत घ्यायची आणि कराच्या अर्जात दाखवायची नाही. यातली एकही गोष्ट ‘साक्ष’ या शब्दाखाली आपल्या मंडळ्यांमध्ये बोलली जात नाही. साक्ष म्हटलं की माइक, आजारातून बरं झाल्याची हकिगत आणि शेवटी टाळ्या, असं काहीतरी होऊन बसलंय. जक्कयाची गोष्ट आठवा. जकातदारांचा मुख्य होता, माणूस श्रीमंत. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. विश्वासाबद्दल एक वाक्य नाही, नुसता हिशेब. त्या गावात त्यानंतर त्याला कुणी ‘तू कुणाचा शिष्य?’ असं विचारलं असेल असं मला वाटत नाही.

टाइमशीटवर खरे तास लिहिले तर मॅनेजर नाराज होईल, कदाचित बढती लांबेल. ही किंमत तुमची आहे. इथे मी तुम्हाला बिनधास्त पुढे जा म्हणेन. मात्र ‘मी ख्रिस्ती आहे, मला हे चालत नाही’ असं जाहीर करायची गरज नाही. ‘झाले तेवढेच तास लिहिते’ इतकं पुरे. नाहीतर शेजारी बसलेला, कुठलाही देव न मानणारा पण पक्का प्रामाणिक सहकारी मनात म्हणेल, यात विशेष ते काय? आणि त्याचं बरोबर असेल.

आता बोलण्याबद्दल. पेत्राचं पहिलं पत्र काढून वाचा. ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या, परक्या म्हणून राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांनाच. त्यात तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. यातलं ‘जो विचारील त्याला’ आपण गाळून टाकतो आणि न विचारणाऱ्यांनाच उत्तरं देत सुटतो. नाहीतर दुसरं टोक गाठतो, कुणी विचारूच नये अशी व्यवस्था करतो.

तुम्ही बहुधा या दुसऱ्या टोकाला आहात. सोमवारी सकाळी कुणीतरी सहज विचारतं, वीकेंड कसा गेला? कुणी ट्रेकिंगला गेलेलं असतं, कुणी मॅच बघायला. तुम्ही म्हणता, ‘काही खास नाही, घरीच होतो.’ खरं तर रविवारची निम्मी सकाळ उपासनेत गेलेली असते. पुढच्या वेळी सरळ सांगा, ‘शनिवारी सामानसुमान आणलं, रविवारी चर्चला गेलो.’ इतकंच. आवाज बदलायचा नाही, पुढे आमंत्रण जोडायचं नाही. स्वतःच्या आयुष्यातून ख्रिस्ताला कापून बाहेर काढायची जी सवय लागली आहे ती आधी सुटू दे. सहकाऱ्याची आई आजारी असेल तर ‘मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन’ असं म्हणायलाही हरकत नाही. पण म्हटलंत तर खरोखर करा, आणि आठवड्याने आईची चौकशीही करा.

आपल्याच भाषेतल्या लोकांकडून एक वेगळा प्रश्न येतो: ‘तुम्ही ख्रिस्ती? पण आडनाव तर आपलं आहे!’ यात बहुतेकदा कुतूहल असतं, कधीकधी खोच. दोन्हीला एकच प्रसन्न उत्तर द्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. मराठीतला नवा करार १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. तेव्हा आपण या भाषेच्या घरातले पाहुणे नाही. हे मुलांनाही सांगून ठेवा, कारण हा प्रश्न त्यांनाही येणार आहे. मात्र वाद जिंकायला ही माहिती वापरू नका.

मुलाचं काय? तेराव्या वर्षी वर्गासमोर वेगळं दिसणं किती जड जातं हे आपण मोठे होऊन विसरतो. येशू म्हणतो, खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. दानीएल मात्र यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता आणि त्यासाठी सिंहांच्या गुहेत गेला. मग खरं कोण? दोघंही. येशूने हटकलं ते लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभे राहणाऱ्यांना. दानीएलाने, राजाशिवाय कुणाकडे प्रार्थना करू नये असा नवा हुकूम निघाला म्हणून, मुद्दाम खिडकी उघडली नाही आणि हुकूम निघाला म्हणून बंदही केली नाही. पूर्वी जे करत होता तेच पुढे करत राहिला. तुमचा मुलगा घरी मनापासून प्रार्थना करत असेल तर शाळेत डोळे न मिटता मनात दोन शब्द म्हणू दे. नहेम्याने राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी, उभ्या उभ्या, अशीच प्रार्थना केली होती. राजाला ते कळलंही नसेल. आणि घरी तो मनापासून करत नसेल, तर शाळेतला प्रश्न नंतरचा.

शिवाय तुम्ही त्याला धैर्य दाखवायला सांगता, पण किंमत तो मोजणार, तुम्ही नाही. म्हणून तो निर्णय त्याचा. त्याला माहिती मात्र द्या. तुम्ही अमेरिकेत असाल तर सरकारी शाळेत जेवणापूर्वी स्वतःची प्रार्थना करायचा त्याला हक्क आहे. १९८४ च्या कायद्यानुसार, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या ज्या माध्यमिक शाळा अभ्यासक्रमाबाहेरच्या इतर क्लबांना जागा देतात, त्यांना विद्यार्थ्यांच्या प्रार्थना क्लबलाही द्यावी लागते. फ्रान्समध्ये २००४ पासून सरकारी शाळांत ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं घालायला बंदी आहे, लहानशी, न खुपणारी चालतात. देश बदलला की नियम बदलतो.

मुलं शाळेतल्या प्रार्थनेपेक्षा घरातलं बारकाईने बघतात, हे वेगळं सांगायला नको. उपासनेहून परतताना गाडीत पाळकांच्या उपदेशाची, गाणाऱ्या बाईंच्या साडीची आणि समितीच्या राजकारणाची चिरफाड चालते. मागच्या सीटवरचं मूल गप्प बसून सगळं ऐकत असतं. बापाने आईची, आईने मुलाची माफी मागितलेली त्याने पाहिली आहे का? माझ्या मते घरातलं सगळ्यात अवघड धाडस हेच.

आता मिस्टरांकडे. त्यांच्या भीतीला अविश्वास म्हणू नका. सगळ्या घराचा मुक्काम एका नोकरीवर टांगलेला असताना सावध राहणारा माणूस बेजबाबदार तर नक्कीच नाही. पौलालाही फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. देवावर सोपवून गप्प बसला नाही. तुम्हीही आपले हक्क माहीत करून घ्या. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने धर्माचरणासाठी वाजवी सोय करून द्यायची असते. रविवारी काम न करणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की किरकोळ गैरसोयीचं कारण सांगून मालकाला ती सोय नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात धर्माला संरक्षण आहे. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये, गळ्यात छोटा क्रूस घालणाऱ्या एका विमान कंपनीच्या कर्मचारी महिलेच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच निकालात एका परिचारिकेचं म्हणणं मान्य केलं नाही, कारण वॉर्डात रुग्णांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. साखळी रुग्णाने ओढली तर इजा कुणाला होणार, हा विचार करणं म्हणजे ख्रिस्ताला नाकारणं नव्हे.

आखाती देशांत राहत असाल तर गोष्ट आणखी वेगळी. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्च नाही. कतारमध्ये २००८ साली पहिलं कॅथलिक चर्च उघडलं, तेही ठरवून दिलेल्या आवारात. संयुक्त अरब अमिरातीत चर्चच्या आवारात उपासनेला मोकळीक आहे, पण बाहेर धर्मप्रसार करायला कायद्याने बंदी आहे. तिथे जोशात येऊन कुणा स्थानिक सहकाऱ्याच्या हातात पत्रिका दिली, तर तुमच्यावर कारवाई होईल, कदाचित परतही पाठवतील. त्याचं काय होईल? त्याच्या घरात, त्याच्या समाजात? हे पुढे होऊन करणाऱ्याला मी धैर्यवान म्हणणार नाही. असंच हाताखालच्या माणसांचं. ज्यांचा पगार, रजा किंवा औषधोपचार तुमच्या हातात आहे त्यांना धर्माबद्दल ऐकवू नका. ते नाही म्हणू शकत नाहीत.

परदेशी राहणाऱ्यांसाठी पवित्र शास्त्रातला माझा आवडता अध्याय २ राजे ५. त्यात दोन माणसं आहेत. एक अरामी सेनापती नामान याच्या घरात कैद करून आणलेली इस्राएली मुलगी. तिचं नावही लिहिलेलं नाही. मालकाला कोड झालेला बघून ती मालकिणीला एक वाक्य बोलते: शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे हे गेले तर बरे होतील. ज्यांनी तिला घरापासून तोडलं त्यांचं भलं व्हावं म्हणून बोललेलं वाक्य. दुसरा खुद्द नामान. बरा झाल्यावर तो त्या संदेष्ट्याला, अलीशाला, विचारतो की राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन या त्यांच्या देवाच्या मंदिरात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा होईल ना? अलीशा लांबलचक उत्तर देत नाही. म्हणतो, शांतीने जा. या एका ओळीवर शतकानुशतकं वाद झाले आहेत आणि मी तो इथे सोडवणार नाही. पण दुसऱ्या धर्माच्या विधीला मित्राच्या घरी, कामाच्या ठिकाणी हजर राहायचा प्रसंग येतो तेव्हा मला हे आठवतं. आदराने बसा, यजमानाच्या आनंदात सामील व्हा. जो भाग मन कबूल करत नाही तो करू नका, आणि त्याचं भाषणही करू नका. आदल्या दिवशी यजमानाला खासगीत सांगून ठेवलं तर ऐन वेळी कुणाचाच अपमान होत नाही.

अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे रोम सोडून करिंथात आलं, तिथून इफिसात गेलं. तंबू शिवून पोट भरायचं आणि आपल्या घरात मंडळी जमवायची. अपुल्लोस नावाचा हुशार वक्ता अर्धवट शिकवत होता, तर त्याला चारचौघांत न हटकता बाजूला घेऊन नीट समजावलं. तुमच्या शहरातही एकटं राहणारं कुणी ना कुणी असेलच. नुकतं आलेलं, बाळंत झालेलं, मायदेशी वडील वारले पण जाता आलं नाही असं. अशा एखाद्या घरी या महिन्यात जा. मिस्टरांचा याला विरोध असेल असं वाटत नाही, कारण यात व्हिसाचा प्रश्नच येत नाही.

आणि पाळकसाहेबांना एकदा जरूर विचारा की नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कुटुंबाने, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या परिचारिकेने आणि तेरा वर्षांच्या मुलाने हा उपदेश कसा कसा घ्यायचा. ते काय म्हणाले ते मलाही कळवा.