काटा अडला म्हणून जेवण तोडू नकोस

प्रिय,

नऊ किलो उतरले, आता दहा दिवस काटा हलत नाही, म्हणून रात्रीचं जेवण बंद करायचा विचार आहे, असं तू लिहिलंस. तसं करू नकोस. दहा दिवसांवरून वजन अडलं की नाही ते कळतच नाही.

शरीरातलं पाणी एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वर-खाली होतं. खारट जेवण, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेला वजनं उचलण्याचा व्यायाम (ताण पडलेले स्नायू पाणी धरून ठेवतात), यांतलं काहीही आठवड्याला उतरणारी पाव-अर्धा किलो चरबी झाकून टाकतं. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन कर आणि सात दिवसांची सरासरी काढ. पाळी येत असेल तर या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघ. पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर मोज. चार आठवडे दोन्ही आकडे जागच्या जागी राहिले, तरच वजन अडलं म्हणायचं. काटा स्थिर पण घेर कमी होत असेल तर काहीच बदलू नकोस.

खरंच अडलं असेल तर बहुधा दोन्ही बाजूंनी तूट (खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी) भरून निघालेली असते. हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते. उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो, म्हणजे तुझ्या बाबतीत दोनशेच्या आसपास. भूक त्याहून जोरात वाढते: अमेरिकन संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ सालच्या हिशेबानुसार किलोमागे सुमारे १०० कॅलरी. ‘मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा वापरण्याचा व्यवहार) बंद पडलं’ हे मात्र खरं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज यांच्या १९४४-४५ च्या मिनेसोटातल्या उपासमारीच्या प्रयोगात ३६ तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं होतं. खर्च बराच घटला, तरी त्यांचं सुमारे चौथा हिस्सा वजन उतरलंच.

तेव्हा आधी खाणं मोज. १९९२ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात, ‘आम्ही बाराशे कॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रत्यक्षातलं खाणं त्यांनी सांगितलेल्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं. ही लबाडी नव्हे, अंदाज असाच चुकतो. सात दिवस सगळं ग्रॅमच्या काट्यावर तोल. सुरुवात तेलापासून: १५ मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि बाटलीतून थेट ओतताना दोन चमचे कधी पडले ते कळत नाही. सुका मेवा, गोड पेयं, चव बघताना तोंडात टाकलेलं, कुणाचं उरलेलं संपवलेलं, सगळं लिही. सुट्टीचे दिवस तर अजिबात सोडू नकोस. पाच दिवस रोज ४०० कॅलरी वाचवल्या आणि दोन दिवस हजार-हजार जास्त खाल्ल्या, की आठवड्याची तूट शून्य.

मोजूनही गळती सापडली नाही, तरच १०० ते २०० कॅलरी कमी कर, त्याही तेल-साखरेतून. प्रथिनांना हात लावू नकोस; शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम ठेव (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो, म्हणून आठवड्याच्या सरासरीत रोजची २,००० पावलं वाढव. स्नायू टिकावेत म्हणून आठवड्यातून दोनदा-तीनदा वजनं उचल. घड्याळ दाखवतं त्या ‘जळलेल्या’ कॅलरी खाऊन भरून काढू नकोस, ते आकडे भरवशाचे नसतात. आणि एका वेळी एकच बदल करून तीन आठवडे थांब, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

बरेच महिने तूट चालू असून जीव कंटाळला असेल तर दोन आठवडे वजन टिकेल इतकं खा. यात जादू नाही, पण पुढचे महिने निभतात. कर्बोदकं वाढली की पाण्याचं किलोभर वजन चढेल, ती चरबी नव्हे.

थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं असेल तर थायरॉइड तपासून घे. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. चालू असतील तर डॉक्टरांशी बोल, परस्पर बंद करू नकोस. पाळी थांबली असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन आधीच योग्य असेल, तर आहार आणखी कमी करायचा नाही.

सात दिवसांची नोंद झाली की पाठव. तेलाचा आकडा वेगळा लिही.